काटा हलला नाही

शहर संपून कारखाने सुरू होतात त्या रस्त्यावर गाड्यांचा एक वजनकाटा होता. अठरा मीटर लांबीचा पोलादी फलाट, त्याच्या एका बाजूला पत्र्याची कॅबिन, दुसऱ्या बाजूला गोदामाची लांबलचक भिंत. मागे घेताना गाड्या भिंतीला घासू नयेत म्हणून भिंतीवर कमरेच्या उंचीला एक पिवळा पट्टा ओढलेला. कॅबिनीत एक खुर्ची, आकडे दाखवणारी एक पेटी आणि एक काटेवाला. भरलेली गाडी फलाटावर चढायची, ड्रायव्हर खाली उतरायचा, पेटीवरचा आकडा थरथरून स्थिर व्हायचा आणि काटेवाला पावती फाडायचा.

एवढंच काम. पण ते त्याने इतकी वर्षं इतकं चोख केलं होतं की वजनावरून दोघांची जुंपली की तिसरा म्हणायचा, चला काटेवाल्याकडे. एकदा एका खडीवाल्याने गाडीमागे दोनशे किलो जास्त लिहायला सांगितलं. काटेवाल्याने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. खडीवाला गेला तो गेलाच, त्याच्या चाळीस गाड्याही गेल्या. बायकोने कपाळाला हात लावला तेव्हा काटेवाला म्हणाला की काटा एकदा खोटं बोलला की तो काटा राहत नाही, नुसतं लोखंड होतं, आणि भंगारवालाही त्याला भाव देत नाही.

काटेवाल्याला एकच मुलगी. चौदाव्या वर्षी ती शाळेतल्या शिपायापेक्षा रुंद होती आणि वडिलांचे बूट तिला व्हायचे. वर्गातली पोरं तिला रोलर म्हणायची, रस्ता दाबतो तो. तिने त्यावर आपले उपाय शोधून ठेवले होते. शेवटचा बाक, फोटोत मागची ओळ, दारातून जाताना अंग चोरून. शाळेत वजन करायला डॉक्टर आले की ती म्हणायची, माझं कालच झालं. आई म्हणायची, काटेवाल्याची लेक आणि काट्यालाच भिते. रोलर हसायची नाही. आपल्याकडे कुणी बघितलं की तिला अंगावर ऊन पडल्यासारखं व्हायचं, आणि ती सावली शोधायची.

त्यांच्या गल्लीत सायकलवरून टपाल वाटणाऱ्या बाई होत्या. उजवा कान चुरगळून फेकलेल्या कागदासारखा, चाल बैलाची, आवाज पोलिसाचा. सगळे त्यांना टपालबाई म्हणत. तरुणपणी त्या रग्बी खेळल्या होत्या, आणि आता पोस्टामागच्या मैदानावर मुलींचा संघ चालवत होत्या. एक दिवस त्या रजिस्टर पत्र घेऊन आल्या आणि रोलरने दार उघडलं. दार उघडलं पण उजेड काही आत आला नाही, कारण चौकट भरली होती. टपालबाईंनी तिला खालून वर, वरून खाली पाहिलं, सही घेतली आणि पत्र द्यायचं विसरून निघाल्या. कोपऱ्यावरून परत आल्या. पत्र दिलं आणि विचारलं, "तुला ढकलता येतं का?"

"काय ढकलायचं?"

"काहीही. समोर असेल ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे रोलर मैदानावर होती. कशी गेली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आजवर सगळ्यांनी तिला कमी हो म्हणून सांगितलं होतं, आणि ह्या बाई म्हणाल्या की आहेस तेवढी पुरेशी नाहीस, घरी जाऊन दोन घास जास्त खा. असं बोलणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

रग्बीत स्क्रम नावाचा एक प्रकार असतो. आठ विरुद्ध आठ खेळाडू वाकून, एकमेकींना घट्ट धरून, खांद्याला खांदा भिडवतात आणि मध्ये टाकलेल्या चेंडूसाठी रेटतात. सर्वांत पुढे तिघींची फळी. त्यात उजवीकडे तीन नंबरची खेळाडू. तिचं डोकं समोरच्या दोघींच्या डोक्यांमध्ये रुतलेलं असतं, मागून स्वतःच्या संघाचा रेटा, पुढून परक्यांचा. सोळा जणींचा भार जिथे येऊन अडतो ती जागा म्हणजे तीन नंबर. टपालबाईंना चार वर्षं नीट तीन नंबर मिळत नव्हती. आता मिळाली होती, आणि तिच्यात एक खोट निघाली.

दाब आला की रोलर वर उठायची. समोरच्या मुलीचा खांदा भिडला की हिची छाती वर, मान वर, आणि सगळा स्क्रम कमानीसारखा उभा राहून कोसळायचा. दोन आठवडे टपालबाईंनी समजावलं, ओरडल्या, पाठीवर हात ठेवून दाबलं. हात होता तोवर ठीक, काढला की पुन्हा वर. शेवटी त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "एक महिना देते. नाही जमलं तर पुढच्या फळीत नाही ठेवणार तुला. मागे कुठेही खेळ. स्क्रम पडला की माना मोडतात गं, आणि त्या एकट्या तुझ्या नसतात."

मागे खेळ. रोलरला हे शब्द चांगले माहीत होते. शेवटचा बाक, मागची ओळ. जगात एकच जागा सापडली होती जिथे तिचं पुढे असणं लोकांना हवं होतं, आणि ती महिन्याभरात जाणार होती.

रात्री जेवताना तिने ते सांगितलं, म्हणजे आईने तिच्याकडून काढून घेतलं. काटेवाला भात कालवत ऐकत होता. जेवण झाल्यावर त्याने एका जुन्या पावतीच्या पाठीवर तिरका बाण काढला, बाणाखाली एक आडवा आणि एक उभा बाण काढला. म्हणाला की सरळ रेटलंस तर जोर सगळा पुढे जातो. तिरकं, वर रेटलंस तर त्यातला थोडा वर जातो, आणि जेवढा वर जातो तेवढीच तू खाली जमिनीला दाबतेस. म्हणजे पायाखालचं वजन वाढतं. तू काट्यावर उभी राहून बाहेरच्या खांबाला रेट. वर उठलीस की काटा हलेल. मग तुला कळेल.

"मी काट्यावर चढणार नाही," रोलर म्हणाली.

काटेवाल्याने पावतीची घडी घातली. "आकडा वाचायचाच नाही मी. हलला की नाही हलला, एवढंच सांगेन."

सकाळी सहा ते साडेसहा गाड्या नसत. फलाटाच्या टोकाला, पण फलाटाबाहेर, जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी खांब होता. त्याला काटेवाल्याने पोती गुंडाळली. रोलर फलाटावर उभी राहायची, वाकायची, खांदा पोत्याला लावायची आणि रेटायची. आजूबाजूला कुणी नाही. बाबा कॅबिनीत, डोळ्यांसमोर फक्त पोतं. आणि कॅबिनीतून आवाज: "हलला."

पुन्हा. "हलला."

पहिल्या आठवड्यात "हलला"शिवाय दुसरा शब्द नाही. एकदा रोलर वैतागून कॅबिनीच्या दाराशी गेली, तर त्याने तिला आत येऊ दिलं नाही. दोन माणसं मावत नाहीत म्हणाला, आणि त्यात तू एक. दोघंही हसले. त्याच आठवड्यात त्याने लांबचं बघायचा नवा चष्मा करून घेतला. गाड्यांचे नंबर नीट दिसत नाहीत, म्हणाला.

मग हळूहळू रोलरला कळायला लागलं. पाठ कुठे असली की आवाज येतो, कुठे असली की येत नाही. कंबर आणि खांदे एका रेषेत, गुडघे जमिनीपासून चार बोटं, नजर आपल्याच छातीखालून मागे. एकोणिसाव्या दिवशी ती रेटत राहिली, रेटत राहिली, मांड्या पेटल्या, आणि कॅबिनीतून बराच वेळ काहीच आलं नाही. मग आलं.

"नाही हलला."

"नक्की?"

"काटेवाल्याला नक्की विचारतेस?"

महिना भरला तेव्हा टपालबाईंनी तिच्यासमोर संघातल्या सगळ्यात आडदांड मुली उभ्या केल्या. स्क्रम लागला, भिडला आणि मेजासारखा सपाट राहिला. टपालबाईंनी शिट्टी तोंडातून काढली, रुमालाने पुसली आणि परत तोंडात घातली. त्यांच्या परीने हा मोठा सत्कार होता.

पुढचं सगळं भराभर झालं असं लोक म्हणतात, पण त्याला सात वर्षं लागली. आधी शहराच्या मुलींचा संघ, मग एकोणीस वर्षांखालचा, आणि एकविसाव्या वर्षी देशाचा. "रोलर" आता प्रेक्षक तालावर ओरडायचे आणि तिला ऊन लागायचं नाही. पण एक गोष्ट बदलली नाही. प्रत्येक सामन्याआधी ती घरी फोन करायची आणि बाबा एकच वाक्य बोलायचे: "काटा हलू देऊ नकोस." बाकी हवापाणी, जेवणखाण आईकडे. आईचं वेगळंच. लेकीची मान मोडेल ह्या भीतीने तिने आयुष्यात एकही सामना पाहिला नाही, आणि एकही चुकवला नाही. मैदानावर असो की टीव्हीसमोर, ती खेळाकडे पाठ करून बसायची आणि स्क्रम मोडला की नवऱ्याला विचारायची, उठली का? उठली का? काटेवाला म्हणायचा, उठली, आता बघ. ती म्हणायची, तुम्हीच बघा.

परदेशातल्या पहिल्या सामन्यात रोलरसमोर परक्या संघाच्या पुढच्या फळीतली एक नंबरची खेळाडू होती, वयाने दहा वर्षांनी मोठी, आणि स्क्रममध्ये भिडताना ती हलक्या आवाजात गुणगुणायची. त्या गुणगुणण्याने रोलर अर्धी खचली होती. शहात्तराव्या मिनिटाला स्वतःच्या गोलरेषेपासून पाच मीटरवर स्क्रम लागला. मागून सात जणी, पुढून आठ. दाब आला, तसा जुना मोह आला, वर ऊठ, श्वास घे. आणि तिला पत्र्याची कॅबिन ऐकू आली. तिने पाठ तिथेच ठेवली. गुणगुणणं थांबलं. रोलरचा संघ सामना अकरा गुणांनी हरला, पण त्या स्क्रममधून चेंडू त्यांनाच मिळाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर तळाशी एक ओळ आली की नव्या तीन नंबरला जागेवरून हलवता आलं नाही. काटेवाल्याने ती ओळ कापून कॅबिनीत चिकटवली. ड्रायव्हरांना वाटायचं, काहीतरी नवा नियम आलाय.

दहा वर्षं, बेचाळीस सामने. मग एका सकाळी डाव्या हाताने तिला शर्टाचं बटण लावता येईना. डॉक्टरांनी मानेचा फोटो दाखवला, पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी दाखवली आणि सांगितलं की चालणं, पोहणं, संसार, सगळं होईल, स्क्रम नाही. ती घरी आली आणि चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडली. पाचव्या दिवशी टपालबाई आल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या आणि काठी घेऊन चालत होत्या. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या उशीवर टाकली. "उद्या साडेपाचला. माझा गुडघा काही येणार नाही."

अशी ती प्रशिक्षक झाली. सहा वर्षांत पोस्टामागच्या त्या मैदानावरून चार मुली देशाच्या संघात गेल्या, चौघीही पुढच्या फळीतल्या. दर हंगामात नव्या मुलींना घेऊन ती सकाळी सहाला काट्यावर जायची. पोतं तेच, कॅबिन तीच, आवाज थोडा थकलेला. हलला. नाही हलला. मुली सुधारायच्या. त्यात शंका नव्हती.

म्हणून देशाच्या वीस वर्षांखालच्या संघाला स्क्रमचा प्रशिक्षक हवा अशी जाहिरात आली तेव्हा तिने अर्ज केला, आणि पद्धत ह्या रकान्यात वजनकाट्याचं सगळं लिहिलं, बाबांच्या बाणांसकट. तिच्यासमोर दोन परदेशात शिकून आलेले उमेदवार होते. तिच्याकडे पदवी नव्हती, हा रकाना होता. रग्बी मंडळाला तो आवडला. समिती बघायला येईल, असं पत्र आलं, आणि समितीच्या आठ दिवस आधी तपासणीसाठी मंडळाची एक मुलगी आली.

ही मुलगी चोवीस वर्षांची, पाठीवर दप्तर, दप्तरात लॅपटॉप आणि दोन सपाट पाट्या. त्या पाट्यांवर उभं राहिलं की पायाखालचा जोर ग्रॅमपर्यंत कळतो. तिला सगळेच लवकरच मोजमापवाली म्हणू लागले. तिला प्रत्येक गोष्ट कशी चालते ते जाणून घ्यायचं असायचं, फलाटाखालच्या सांध्यांपासून कॅबिनीतल्या पंख्यापर्यंत. दोन माणसं मावत नाहीत, हे काटेवाल्याने सांगेपर्यंत ती आत शिरून उलट्या बादलीवर बसलीही होती.

बाहेर एक मुलगी खांबाला भिडली. रोलर फलाटाबाहेर, तिच्या शेजारी उभी होती. आतून आवाज आला, "हलला."

आणि मग दुसरा आवाज, कुतूहलाचा, त्यात कसलाच डंख नाही: "नाही हलला, काका. ऐंशी होतं, ऐंशीच आहे."

काटेवाल्याने चष्मा काढला, पुसला. रस्त्यावर पहिल्या गाडीने हॉर्न दिला. त्याने मुलीला फलाट मोकळा करायला सांगितलं आणि गाडी तोलायला घेतली, जणू त्या गाडीइतकं महत्त्वाचं दुसरं काही नव्हतं.

मोजमापवालीने रोलरला पेटीच्या बाजूला ठोकलेली छोटी पितळी पट्टी दाखवली. कमाल साठ टन, किमान चारशे किलो, विभाग वीस किलो. तिने हळू आवाजात समजावलं. हा काटा वीस-वीसच्या पायऱ्यांनी मोजतो. सत्तर ते नव्वद, मधलं काहीही असलं तरी तो ऐंशीच दाखवणार. मुलगी वर उठली तर फरक पडतो दहाएक किलोचा. तो ह्याला दिसतच नाही. आणि चारशेच्या खाली तर ह्याच्यावर विश्वासच ठेवायचा नसतो. हा हत्ती मोजायचा काटा आहे, ताई. "काकांचा बाण बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मला अहवालात खरं ते लिहावं लागेल."

रोलर पट्टीकडे बघत राहिली. तिला लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. ह्या काट्याच्या पावत्यांवर तिने पाटी-पेन्सिल सोडल्यावरची पहिली बेरीज केली होती. प्रत्येक पावतीचा शेवटचा आकडा शून्य असतो आणि त्याच्या आधीचा नेहमी सम, हे तिला पहिलीपासून ठाऊक होतं. हजारो पावत्या हातावेगळ्या केल्या, आणि एकदाही मनात आलं नाही की आपण त्या शून्यात मावतो. घरचं माणूस आणि घरचं यंत्र, दोन्ही कुणी तपासत नाही.

मग ती एकोणीस दिवस कशाच्या जोरावर सुधारली? बेचाळीस सामने कुठल्या आवाजावर उभी राहिली? नोकरी जाणार ते जाणार. पण ज्याने दोनशे किलोंसाठी चाळीस गाड्या सोडल्या, त्याने स्वतःच्या मुलीला काट्याच्या नावाने काहीतरी सांगितलं होतं, आणि ती ते आयुष्यभर खरं धरून चालली होती.

संध्याकाळी काटेवाला घरी आला, हातपाय धुतले, पाटावर बसला. आईने वाढलं. रोलरने ताट पुढे ओढलं नाही. तिने विचारलं, "बाबा, मी चौदाची असताना काटा हलत होता का?"

"नाही," तो म्हणाला.

"एकदाही?"

"एकदा. तू शिंकलीस तेव्हा."

कुणी हसलं नाही. त्याने घास खाली ठेवला. मग तो जे बोलला ते तिच्याकडे न बघता, ताटाशी बोलावं तसं. पहिल्याच दिवशी त्याला कळलं होतं की पेटी काही सांगत नाही. बाण काढताना काट्याच्या पायरीचा विचारच सुटला होता, सत्तावीस टनांच्या गाड्या मोजून हात मोठा झाला होता. रद्द करावं म्हणून खिडकीतून हाक मारणार, एवढ्यात त्याला दिसलं की ह्या खुर्चीतून बघितलं तर मुलीची पाठ भिंतीवरच्या पिवळ्या पट्ट्यावर बरोबर बसते. ती वर उठली की पट्टा खालून डोकावतो. रेटा सरळ असला की पट्टा पाठीआड जातो. बस. तो पेटीकडे बघतच नव्हता. खुर्ची त्याने त्या दिवसापासून इंचभर हलवली नव्हती. लांबून पट्ट्याची कड नीट दिसेना म्हणून चष्मा केला.

"मग तसंच सांगायचं ना," रोलर म्हणाली. "मी बघतोय म्हणून."

"सांगितलं असतं तर तू चढली असतीस? तुझ्याकडे कुणी बघितलेलं तुला चालत नव्हतं, पोरी. माझंसुद्धा. मग म्हटलं, काटा बघतोय असं सांगू. काट्याला काय, तो कुणाकडेही बघतो." "आयुष्यात एकदाच त्याच्या नावावर खोटं बोललो. तो काही बोलला नाही बिचारा."

आई कोशिंबीर वाढत होती. ती म्हणाली की मला चष्म्याच्या दिवशीच कळलं होतं. गाड्यांचे नंबर म्हणे. गाडी ह्यांच्या नाकासमोर उभी असते.

रोलरने ताट ओढलं आणि जेवायला लागली, चौदाव्या वर्षी जेवायची तशी. दुसरा भात घेताना तिने सांगितलं की अर्ज मागे घ्यायचा नाही, रकाना बदलायचा. दुसऱ्या दिवशी तिने मोजमापवालीला फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती मुलगी म्हणाली, म्हणजे उपकरण काकाच आहेत. मग उपकरण तपासायला हवं.

समितीच्या दिवशी तसंच झालं. मोजमापवालीने आपल्या पाट्या फलाटावर ठेवल्या, खांबासमोर. मुली एकेक करून पाट्यांवर उभ्या राहून रेटणार. पाट्यांचे आकडे लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप गोदामाच्या कोपऱ्याआड. काटेवाला कॅबिनीत, पेटीवर टॉवेल टाकलेला. त्याने ओरडायचं आणि टपालबाईंनी वहीत लिहायचं. समितीतल्या कुणीतरी कॅबिन झाडून खुर्ची नीट मांडून ठेवली होती. काटेवाल्याने ती उचलून वीतभर डावीकडे ठेवली, बसला, एक डोळा मिटून पाहिलं, आणखी दोन बोटं सरकवली. समितीचे अध्यक्ष गालात हसले. रोलर हसली नाही. नोकरीचा विचार तेव्हा तिच्या मनात नव्हता. म्हातारा चार लोकांसमोर बसला होता आणि त्याचा शब्द तोलला जाणार होता.

तीस रेटे झाले. वही आणि लॅपटॉप शेजारी ठेवले. सत्तावीस जुळले.

अध्यक्षांनी भुवया वर केल्या. काटेवाल्याने उरलेल्या तिन्हींचे क्रमांक मागितले. दोन मान्य केले, सूर्य डोळ्यांवर आला होता. तिसरा मान्य करेना. म्हणाला, बाविसावा रेटा, त्यात तिने मध्येच पाय बदलला, तुमची पाटी फसली. मोजमापवालीने व्हिडिओ लावला. बाविसाव्या रेट्यात मुलीचा डावा पाय अर्धा पाटीबाहेर गेला होता. तिने वहीत सत्तावीस खोडून अठ्ठावीस केलं, आणि काटेवाल्याला विचारलं की तुमच्याकडे शिकायला कधी येऊ? तो म्हणाला, कॅबिनीत दोन माणसं मावत नाहीत, पण तू काय, बादलीवर मावतेस.

अध्यक्षांनी रोलरला एकच प्रश्न विचारला. ही पद्धत दुसऱ्या मैदानावर, ह्यांच्याशिवाय कशी चालवणार? तिने सांगितलं की एक पट्टा लागतो, एक न हलणारी खुर्ची लागते, आणि रोज बघायला लागतं. शेवटचं सगळ्यात अवघड, ते मला येतं, कारण माझ्याकडे तसं बघितलं गेलंय.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. नव्या पोस्टमनने ते दारावरच्या टपालपेटीत टाकलं म्हणून टपालबाई त्याच्यावर चिडल्या. असलं पत्र हातात द्यायचं असतं.

देशाच्या वीस वर्षांखालच्या संघाच्या सराव शिबिरात मैदानाच्या कुंपणाला आता एक पिवळा पट्टा आहे. समोर खुर्ची, तिचे पाय सिमेंटमध्ये रोवलेले. ह्या वर्षी तिथे तीन नंबरसाठी एक एकोणीस वर्षांची मुलगी आली. खांद्याने दरवाजा उखडेल अशी, आणि जर्सी सारखी खाली ओढणारी. कुणी बघितलं की तिचा रेटा अर्धा व्हायचा आणि पाठ वर यायची. दोन दिवस रोलरने पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती हातात टॅबलेट घेऊन आली. मुलीला सांगितलं की तुझ्या बुटात एक बारीक यंत्र बसवलंय, ते सगळं इथे दाखवतं, मी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही. आणि टॅबलेटवर मान खाली घालून खुर्चीत बसली.

"हलला," ती म्हणायची. "हलला."

त्या दिवशी टपालबाई शिबिर बघायला आल्या होत्या, काठी टेकत. त्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. टॅबलेटचा पडदा काळा होता. त्यात रोलरची हनुवटी दिसत होती, आणि डोळे चष्म्यावरून कुंपणाकडे लागलेले.

मैदानावर मुलगी भिडली. पाठ सपाट झाली, तशीच राहिली, पट्टा तिच्याआड गेला आणि बाहेर आलाच नाही.

"नाही हलला," रोलर म्हणाली.

मुलीने घामेजलेला चेहरा वळवला. "नक्की, ताई?"

"काटेवाल्याच्या लेकीला नक्की विचारतेस?"

टपालबाईंनी काठीच्या टोकाने टॅबलेटला टोचलं आणि तिच्या कानाशी वाकल्या. "अगं, निदान चालू तरी करून बस. तुझा बाप पेटीचा दिवा तरी लावायचा."